मोबाईलवरचा खेळ आणि मुलाचा राग

बेसा या गावाला आता गाव म्हणावे की शहर म्हणावे, हेच कळत नाही. नागपूरच्या दक्षिणेला हे गाव. पूर्वी चहूकडे शेते होती. आता शेतांचे लेआऊट पडले. लेआऊटवर घरे झाली, उंच इमारती झाल्या. कोणी मिहानमध्ये कामाला जातो, कोणी बुटीबोरीच्या कारखान्यात जातो. पुष्कळ बायाही कामाला बाहेर पडतात. दिवसभर घर पोरांच्या हाती असते. आणि पोरांच्या हाती असतो मोबाईल.

हा मोबाईल पोरांच्या हाती आला कसा? मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली. शाळा बंद झाल्या. शाळा मोबाईलवर भरू लागली. ज्या घरात असा मोबाईल नव्हता, त्या घराने उसने पैसे घेऊन तो आणला. पुढे साथ ओसरली. शाळा उघडल्या. पण मोबाईल पोरांच्या हातातच राहिला. धड्यांच्या जागी खेळ आले.

आता घरोघर एकच तक्रार ऐकू येते. "पोट्टा दिवसभर मारामारीचा खेळ खेळते. काही म्हटलं का अंगावर येते. त्या खेळानंच त्याले बिघडवलं का?"

प्रश्न मोठा आहे. आईबापांच्या काळजीचा आहे. म्हणून आपण तो नीट, एकेक पायरी चढत सोडवून पाहू. आधीच उत्तर ठरवून बसायचे नाही.

हे खेळ म्हणजे काय?

पडद्यावर चित्रे हलतात. खेळणारा बोटाने ती हलवतो. यालाच व्हिडिओ गेम म्हणतात. हे खेळ काही काल आलेले नाहीत. अमेरिकेत १९७२ साली 'पाँग' नावाचा खेळ निघाला. त्यात दोन पट्ट्या आणि एक चेंडू, एवढेच होते. १९७६ साली 'डेथ रेस' नावाचा दुसरा खेळ आला. त्यात मोटारीने पडद्यावरच्या आकृत्यांना धडक मारायची होती. तेव्हा तेथे लोक खूप संतापले. 'असले खेळ पोरांना बिघडवतील,' असे म्हणू लागले. म्हणजे आपली आजची तक्रार चांगली पन्नास वर्षांची जुनी आहे.

सगळेच खेळ मारामारीचे नसतात. कोणी पडद्यावर शेती करतो. कोणी मोटार पळवतो. कोणी विटा रचतो. कोणी बुद्धिबळ खेळतो. पण मारामारीचे खेळही पुष्कळ आहेत, आणि मोठ्या पोरांना तेच फार आवडतात.

आपल्याकडे सर्वांत गाजला तो 'पबजी'. २०१८ साली तो मोबाईलवर आला. त्यात शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उड्या मारतात. तेथे शस्त्रे शोधतात. एकमेकांना मारतात. शेवटी जो उरेल, तो जिंकला. एक डाव सुमारे अर्धा तास चालतो. हे शंभर खेळाडू एका खोलीत नसतात. एक बेशातला, एक दिल्लीचा, तर एक आणखी कुठला. सगळे आपापल्या मोबाईलवरून एकाच वेळी खेळतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

२०१९ साली काय घडले?

त्या साली महाराष्ट्रात या खेळावरून मोठा गाजावाजा झाला.

मार्च महिन्यात हिंगोली येथे दोन तरुण रेल्वेच्या रुळाजवळ हा खेळ खेळत होते. गाडी आली. खेळाच्या नादात ती त्यांना कळली नाही. दोघेही गाडीखाली गेले.

जून महिन्यात भिवंडी येथे त्याहून भयंकर घडले. पंधरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या सख्ख्या मोठ्या भावाचा जीव घेतला. भाऊ त्याला या खेळावरून रागावला होता, असे पोलिसांनी सांगितले.

त्याच वर्षी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. हा खेळ मारामारी शिकवतो, तो बंद करा, अशी त्यात मागणी होती. न्यायालयाने केंद्र सरकारला खेळ तपासून पाहायला सांगितले. शेजारच्या गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी तर खेळावर बंदीच घातली. खेळताना सापडलेल्या तरुणांना पकडले.

पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली. पुष्कळांना वाटले, खेळाने पोरे मारकुटी होतात म्हणून ही बंदी आली. तसे नव्हते. त्या दिवशी एकूण ११८ ॲपवर बंदी आली. लोकांची माहिती देशाबाहेर जाते, देशाच्या सुरक्षेला धोका आहे, हे सरकारने दिलेले कारण होते. पुढे २०२१ साली तसाच खेळ नवे नाव घेऊन परत आला.

तर मग सांगा, भिवंडीच्या घटनेवरून काय सिद्ध झाले? खेळाने मुलाला खुनी केले, असे म्हणता येईल का? घाई करू नका. थोडा विचार करू.

कावळा बसला आणि फांदी मोडली

आपल्यात एक म्हण आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. फांदी आधीच किडलेली होती. कावळा निमित्त झाला. पाहणारा मात्र म्हणतो, कावळ्याने फांदी मोडली.

दुसरे उदाहरण घ्या. पाऊस लागला की छत्र्या निघतात. त्याच दिवसांत शेतात कपाशी उगवते. छत्र्या आणि कपाशी एकाच वेळी दिसतात. म्हणून छत्रीने कपाशी उगवली, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. दोघांचे कारण पाऊस आहे.

खेळाचेही असेच असू शकते. रागीट मुलालाच मारामारीचा खेळ जास्त आवडत असेल. म्हणजे राग आधी, खेळ मागून. किंवा घरात रोज भांडण, मारहाण असेल. त्यामुळे मूल रागीटही होईल, आणि घरातला त्रास विसरण्यासाठी मोबाईलमध्ये तोंडही खुपसेल. तेव्हा राग आणि खेळ, दोघांचेही मूळ त्या घरात असेल.

आणखी एक पाहा. हा खेळ देशात कोट्यवधी लोकांनी खेळला. त्यांतल्या किती जणांनी कोणाचा जीव घेतला? बोटांवर मोजण्याइतक्या घटना वर्तमानपत्रात आल्या. बाकीची पोरे खेळली, जेवली आणि झोपली. त्यांची बातमी झाली नाही. बातमी वाकड्या गोष्टीची होते, सरळ गोष्टीची होत नाही. वाचायला शिकलेल्या माणसाने ही गोष्ट कायम ध्यानात ठेवावी.

जपानकडे पाहा. तेथे असे खेळ घरोघर आहेत. कित्येक नामांकित खेळ तेथेच तयार होतात. तरी त्या देशात खुनाचे प्रमाण जगात फार कमी असलेल्या देशांइतके आहे. खेळानेच खून होत असते, तर जपानात काय झाले असते?

माणसाला खेळ आणि खरे यांतला फरक कळतो. कबड्डीत गडी बाद झाला की आपण 'मेला' म्हणतो. दोन मिनिटांनी तोच गडी 'जिवंत' होऊन परत मैदानात येतो. नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत निघते. हजारो लोक ओरडतात, बडग्यांना नावे ठेवतात, पुतळे जाळतात. मग घरी जाऊन जेवतात. जाळपोळ पाहिली म्हणून कोणी शेजाऱ्याचे घर पेटवत नाही. मात्र अगदी लहान मुलाला हा फरक पुरता कळत नाही. तेही आपण पुढे पाहू.

शिकलेल्या लोकांनी काय तपासले?

शेतकरी नवे खत कसे पारखतो? एका वाफ्यात खत टाकतो. शेजारच्या वाफ्यात टाकत नाही. पाणी, बियाणे, माती सारखीच ठेवतो. मग दोन्ही वाफ्यांतले पीक पाहतो. संशोधकांनीही तसेच केले.

पहिला मोठा प्रयोग १९६१ सालचा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी ७२ लहान मुले घेतली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवेच्या फुगीर बाहुलीला मारले. काहींसमोर तो शांत खेळत बसला. मग मुलांना त्याच बाहुलीजवळ सोडले. ज्यांनी मारताना पाहिले होते, त्यांनीही बाहुलीला तसेच मारले. यावरून कळले की लहान मूल मोठ्यांचे पाहून शिकते. पण दुसऱ्या काही अभ्यासकांनी विचारले, "बाहुलीला मारणे म्हणजे माणसाला मारणे आहे का?" तो प्रश्नही खरा होता.

पुढे खास व्हिडिओ गेमवर शेकडो अभ्यास झाले. २०१० साली क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १३० हून अधिक शोधनिबंध एकत्र तपासले. त्यांत सुमारे १ लाख ३० हजार माणसांची माहिती होती. त्यांनी सांगितले, मारामारीच्या खेळांचा आणि आक्रमक वागण्याचा संबंध आहे. पण तो संबंध लहान निघाला. तो खरा किती आणि दिसतो किती, यावर जाणकारांत वाद झाला. आजही तो पुरता मिटलेला नाही.

जर्मनीत वाफ्यांसारखाच प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१८ साली छापून आला. त्यात ७७ मोठी माणसे होती. त्यांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज मारामारीचा खेळ खेळला. दुसऱ्याने घरसंसाराचा खेळ खेळला. तिसऱ्याने काहीच खेळले नाही. आधी आणि नंतर सर्वांचा स्वभाव तपासला. मारामारीच्या गटात राग वाढलेला दिसला नाही.

२०१९ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १४ आणि १५ वर्षांच्या १,००४ मुलांची पाहणी केली. मुलांना विचारले, तुम्ही कोणते खेळ खेळता? त्यांच्या पालकांना विचारले, मूल कसे वागते? मारामारीचे खेळ खेळणारी मुले जास्त मारकुटी आहेत, असे आढळले नाही.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांची एक मोठी संघटना आहे. २०२० साली तिने आपले मत जाहीर केले. ते दोन भागांत आहे आणि दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. पहिला भाग असा: या खेळांमुळे ओरडणे, ढकलणे असे चिडके वागणे थोडेसे वाढलेले आढळते. दुसरा भाग असा: या खेळांमुळे माणूस गंभीर हिंसा करतो, असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही. हिंसेची कारणे पुष्कळ असतात. सगळा दोष खेळाच्या माथी मारला, तर खरी कारणे बाजूला राहतात.

म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर असे आले. मारामारीच्या खेळाने चिडचीड थोडी वाढू शकते. पण चांगल्या मुलाचा खुनी होत नाही.

तरी मूल चिडते, ते का?

"तुम्ही काही म्हणा, आमचं लेकरू खेळल्यावर चिडतेच." असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण चिडण्याचे कारण कोणते, ते शोधू.

पहिले कारण हार. २०१४ साली काही संशोधकांनी एक गमतीचा प्रयोग केला. त्यांनी विटा रचण्याचा साधा खेळ घेतला. त्यात मारामारी मुळीच नाही. तो त्यांनी मुद्दाम अवघड केला. नको तीच वीट येईल, असे केले. खेळणारे चिडले. म्हणजे राग मारामारीचा नव्हता, जमत नाही याचा होता. आपणही पाहतो. ओलिताच्या वेळी मोटर सुरू होत नाही, तेव्हा शांत माणूसही मोटरीला शिव्या देतो. मोटरीने त्याला काही मारामारी शिकवलेली नसते.

दुसरे कारण झोप. पोरगा रात्री दोन वाजेपर्यंत खेळतो. सकाळी सहाला त्याला उठवले की तो खेकसणारच. हे चिडणे अपुऱ्या झोपेचे आहे.

तिसरे कारण शिव्या. या खेळात अनोळखी माणसे एकमेकांशी बोलतात. कानात तारा घालून मूल त्यांचे ऐकते. त्यांत मोठी माणसेही असतात. ती वाईट शिव्या देतात. पडद्यावरच्या बंदुकीपेक्षा कानावर पडणारी भाषा मूल लवकर उचलते. बाहुलीचा प्रयोग आठवा.

चौथे कारण आपण स्वतः. मघाशी सांगितले, शंभर खेळाडू एकाच वेळी खेळतात. असा डाव मध्येच थांबवता येत नाही. मूल उठले, तर त्याच्या जोडीदारांचाही डाव बिघडतो. आणि नेमके तेव्हाच आपण मोबाईल हिसकावतो. पंगतीत अर्ध्या जेवणावरून माणसाला हात धरून उठवले, तर त्याला कसे वाटेल? मुलाला तसे वाटते. तो ओरडतो. आपण थापड मारतो. तो भिंतीला लाथ मारतो. मग आपण म्हणतो, खेळाने पोरगा बिघडला.

त्या थापडेचे काय? मारामारी पडद्यावर पाहिली, ती खोटी होती. बापाची थापड खरी होती. मूल कोणाकडून जास्त शिकेल?

खरा धोका कुठे आहे?

याचा अर्थ खेळ निरुपद्रवी आहेत असा नाही. धोका आहे. पण आपण शोधतो तेथे नाही, दुसरीकडे आहे. नाहीतर आग एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, असे होईल.

हिंगोलीचे दोन तरुण आठवा. त्यांनी कोणाला मारले नाही. त्यांचे भान गेले. रस्त्यावर, रुळाजवळ, विहिरीच्या काठावर, गाडी चालवताना खेळणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

दुसरा धोका सवयीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या यादीत खेळाच्या व्यसनाचा समावेश केला. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. या आजाराच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. खेळावर ताबा राहत नाही. जेवण, अभ्यास, काम, मित्र या सगळ्यांच्या आधी खेळ येतो. नुकसान दिसत असूनही खेळणे सुटत नाही. हे साधारण वर्षभर चालले आणि त्याने रोजचे जगणे बिघडले, तर तो आजार समजावा. रोज तासभर खेळणारे पोर आजारी नसते. बहुतेक पोरांना हा आजार नसतो. ज्याला आहे, त्याला औषधोपचार आणि समजूत यांची गरज असते. त्याला मारून आजार जात नाही.

तिसरा धोका पैशाचा. काही खेळांत नवे कपडे, नवी शस्त्रे विकत मिळतात. मोबाईलला बँकेचे खाते जोडलेले असले, तर पोर बटण दाबते आणि घामाचे पैसे जातात. पैसे लावून खेळायचे खेळ तर निव्वळ जुगार. त्यांत कित्येक मोठी माणसेही बुडाली. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ चालवण्यावर आणि त्यांची जाहिरात करण्यावर त्या कायद्याने बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

चुकीचा दोष महाग पडतो

२०१७ साली 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाची देशभर दहशत पसरली होती. हा खेळ मुलांना जीव द्यायला लावतो, असे लोक म्हणू लागले. महाराष्ट्रातही आईबाप घाबरले. सरकारने समिती नेमली. समितीने त्या त्या मुलांचे मोबाईल, फोनच्या नोंदी, सगळे तपासले. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की एकाही घटनेत या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही.

मग ती मुले का गेली? त्यांचे दुःख काहीतरी वेगळे होते. सगळे खेळाच्या मागे लागले, तेव्हा ते दुःख कोणी विचारले नाही. साप समजून भुई धोपटत बसले, तर खरा साप निसटून जातो. एखादा मुलगा अचानक गप्प झाला, मारहाण करू लागला, शाळेत जाईना, जेवेना, तर "मोबाईलमुळे झालं" एवढे म्हणून थांबू नका. शाळेत कोणी छळते का? घरात दारू आहे का? परीक्षेची भीती आहे का? मनाचा आजार आहे का? हे विचारा. खेळ कधी कधी दुखण्याचे कारण नसतो. दुखऱ्या मुलाने शोधलेला आडोसा असतो.

घरात काय करावे?

समजा, बेशात एक घर आहे. आई कामावरून आली आहे. पोरगा खेळत बसला आहे.

आई म्हणते, "बाळा, हा डाव किती वेळचा आहे?"

पोरगा म्हणतो, "माय, पंधरा मिनिटं अजून."

"बरं. तो झाला का मोबाईल ठेव. दुसरा डाव लावायचा नाही. मंग माह्यासंग भाकरी खाय."

"हो माय."

पहिल्या दिवशी पोरगा दुसरा डाव लावीलही. आईने ओरडू नये, पण सोडूही नये. दुसऱ्या दिवशी मोबाईल देताना आठवण करावी. "काल ठरलं होतं ते मोडलं. आज एकच डाव." आठ-पंधरा दिवसांत वळण पडते. वासराला दावे लावतो, तसेच हे. एकदम ओढले तर ते बिथरते. रोज थोडे थोडे लावले तर चालू लागते.

आणखी काही गोष्टी कराव्या.

एक. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. त्या विद्येचा उपयोग करा. मोबाईलवर खेळ उतरवून घेतात, तेथे त्या खेळाच्या नावाजवळ ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असा आकडा असतो. तो वयाचा आकडा आहे. सात वर्षांच्या लेकराच्या मोबाईलवर १६+ खेळ असेल, तर तो काढून टाका. लहान मुलाला खेळ आणि खरे यांतला फरक पुरता कळत नाही, म्हणून हा आकडा.

दोन. मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये कोणत्या ॲपवर किती वेळ गेला, ते तास आणि मिनिटांत दिसते. आठवड्यातून एकदा मुलाजवळ बसून ते वाचा. अंदाजाने भांडू नका. आकडा समोर ठेवून बोला.

तीन. रात्री मोबाईल मुलाजवळ ठेवू नका. सगळ्यांचे मोबाईल एका जागी ठेवा, आपलाही तेथेच. बाप अंथरुणात मोबाईल पाहील आणि पोराला झोप म्हणेल, तर पोर ऐकणार नाही.

चार. बँकेचे खाते जोडलेला मोबाईल मुलाच्या हाती देऊ नका. गुप्त आकडा सांगू नका. पैसे फसवणुकीने गेले, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

पाच. खेळ कोणता, कोणासंगे, ते मुलालाच विचारा. एकदा जवळ बसून पाहा. तेव्हा कानावर काय पडते, तेही कळेल.

सहा. मोबाईल काढून घेतला, तर त्या जागी काय देणार? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जेथे पोरे कबड्डी, विटीदांडू खेळत, तेथे आता प्लॉट पडले. पोरांनी खेळावे कुठे? लेआऊटमध्ये खेळासाठी मोकळी जागा सोडलेली असते. ती कोणी बळकावली नाही ना, तेथे कचरा साचला नाही ना, हे सर्वांनी मिळून पाहावे. गरज पडली तर अर्ज करावा. अर्ज लिहिणे आता आपल्याला अवघड नाही.

इतर देशांनी कायद्याने खेळ आवरून पाहिले. दक्षिण कोरियाने २०११ साली नियम केला की सोळा वर्षांखालच्या मुलांनी मध्यरात्रीनंतर ऑनलाईन खेळ खेळू नये. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, त्यांनीच तो नियम मागे घ्यायचे ठरवले. चीनने २०२१ साली मुलांना आठवड्यात फक्त तीन तास अशी मर्यादा घातली. सरकार काय करील ते करो. रात्री दहा वाजता पोराच्या उशाशी सरकार बसत नाही. आईबाप बसतात.

मदत कुठे मिळेल?

मूल आवरेनासे झाले, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागले, किंवा जीव द्यायच्या गोष्टी बोलू लागले, तर वाट पाहू नका. १४४१६ हा सरकारी 'टेली-मानस'चा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे. येथे मनाच्या त्रासाबद्दल फुकट सल्ला मिळतो. मराठीत बोलता येते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. नागपुरात मेडिकल रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत. तेथे जाण्यात लाज नाही. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातोच ना?

वाचकहो, मोबाईल हे एक अवजार आहे. विळ्याने गवतही कापतात आणि बोटही कापते. म्हणून कोणी विळा फेकून देत नाही, आणि तान्ह्या लेकराच्या हातीही देत नाही. पोराच्या रागाचे मूळ शोधा. ते मूळ खेळात असेल, झोपेत असेल, शाळेत असेल, किंवा आपल्याच घरात असेल. सापडले की उपाय सापडेल.

वर्गात चर्चा करा

१. छत्री आणि कपाशी यांच्या उदाहरणावरून काय कळले? आपल्या गावातले तसे दुसरे उदाहरण सांगा.

२. मारामारीच्या खेळाने काय होते, आणि काय होत नाही?

३. डाव मध्येच बंद करायला सांगितले, तर मूल का चिडते? तुम्ही त्याला कसे सांगाल?

४. घरच्या मोबाईलवरच्या खेळांजवळचे वयाचे आकडे वाचा. ते वहीत लिहून आणा.